कूलंट बदलल्यावर गाडी पुन्हा पुन्हा तापते? आधी हवा काढा, मग पार्ट बदला

कूलंट बदलण्याआधी गाडी ठणठणीत होती. बदललं आणि काटा वर जायला लागला. गॅरेजमध्ये अर्धा लिटर टॉप-अप झालं, चार दिवस बरे गेले आणि खंबाटकीच्या चढावर पुन्हा तेच. अशा गाडीत थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, मग रेडिएटर असं एकेक बदलत सुटण्यात पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. काल धड चालणारा पंप आज कूलंट बदललं म्हणून सहसा बिघडत नाही. काम करताना ज्याला हात लागला, तेच आधी बघायचं: आत शिरलेली हवा, ओतलेलं मिश्रण, उघडलेलं झाकण, रबरी नळीचा (होजचा) सैल केलेला क्लॅम्प, खालचं कव्हर काढताना ओढला गेलेला पंख्याचा कनेक्टर. यात पहिला संशय हवेवर घ्या.

एक गोष्ट कितीही घाई असली तरी पाळायची. इंजिन गरम असताना रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं कूलंट शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते एकदम उकळून तोंडावर, हातावर येतं. किमान पाऊण तास थांबा. रेडिएटरचा वरचा होज जाड कापडातून दाबून बघा, तो मऊ लागला तरच झाकणाला हात लावा.

हवा अडकली की काय होतं

पंपाला द्रव ढकलता येतो, हवा नाही. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) वरच्या बाजूला, थर्मोस्टॅटच्या (तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घरात किंवा हीटरच्या कोअरमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या रेडिएटरमध्ये, हवेचा फुगा बसला की तिथून कूलंट फिरत नाही. तेवढ्या भागातलं धातू तापतं, उरलंसुरलं कूलंट वाफ होतं आणि फुगा मोठा होतो. थर्मोस्टॅट उघडतो तो त्याच्या मेणाच्या गोळीला गरम द्रव लागल्यावर. भोवती हवा असेल तर तो उशिरा उघडतो. तापमानाच्या सेन्सरचंही तसंच. तो फुग्यात असेल तर इंजिन तापलेलं असताना काटा शांत राहतो, मग गरम कूलंटची एक लाट आली की झटकन वर उडी मारतो आणि परत खाली येतो. काट्याची ही वरखाली उडी हवेची सगळ्यात ठळक खूण आहे. खरोखर तापणाऱ्या गाडीचा काटा असा खेळत नाही, तो हळूहळू चढतो आणि चढलेलाच राहतो.

बाकीच्या खुणा गाडीतच बसून कळतात. डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येते, विशेषतः सकाळी पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबल्यावर. इंजिन गरम असूनही हीटर थंड हवा फेकतो. पुण्यात हीटर वर्षानुवर्षं कोणी लावत नाही, त्यामुळे ही खूण हमखास सुटते. मुद्दाम लावून बघा. वरचा होज चटका देणारा आणि खालचा थंडगार, ही आणखी एक खूण. पण थर्मोस्टॅट बंद अडकला तरी असंच होतं, म्हणून एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, निळा आणि लाल दिवा असतो. काटा असला तरी साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. लाल दिवा लागेपर्यंत थांबण्यापेक्षा ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारा प्लग) लावा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघा. बहुतेक पेट्रोल गाड्या ८५ ते १०० च्या दरम्यान चालतात, पंखा ९५ ते १०० च्या आसपास लागतो. ११० च्या वर जाऊन तिथेच राहिलं तर गाडी बाजूला घ्यायची.

पातळी लिहून ठेवा

पुढचं सगळं निदान या एका सवयीवर चालतं. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटच्या बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा. हवा अडकली असेल तर पातळी पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर खाली जाते, कारण हवा निघून तिची जागा कूलंट घेतं, आणि मग ती स्थिरावते. गळती असेल तर ती रोज थोडी थोडी उतरतच राहते. आणि गाडी तापल्यावर बाटली काठोकाठ भरत असेल, बाहेर सांडत असेल आणि थंड झाल्यावरही ते कूलंट रेडिएटरमध्ये परत जात नसेल, तर दोष झाकणाचा किंवा हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा). नुसतं टॉप-अप करत राहिलं की हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणूनच गाडी महिनाभर गॅरेजच्या वाऱ्या करते.

पण बाटली कुठल्या प्रकारची आहे ते आधी ओळखा. जुन्या आणि साध्या गाड्यांत दाबाचं धातूचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूला लो-फुलच्या खुणांची पातळ प्लास्टिकची बाटली असते. या बाटलीवर दाब नसतो. रेडिएटर अर्धा रिकामा असताना ही बाटली भरलेली दिसू शकते, कारण वाटेत कुठे हवा ओढली जात असेल तर बाटलीतलं कूलंट रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे अशा गाडीत थंड असताना रेडिएटरचंच झाकण उघडून बघायचं, कूलंट मानेपर्यंत हवं. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरवर झाकण नसतंच. जाड प्लास्टिकची, मिन-मॅक्सच्या खुणांची टाकी असते, तिला आटे असलेलं झाकण असतं आणि वरच्या बाजूला एक बारीक नळी येते. ती टाकी दाबाखाली असते आणि हवा त्या बारीक नळीतूनच टाकीत परतते. नळी गाळाने तुंबली की हवा बाहेर पडायचा रस्ता बंद. इंजिन चालू असताना त्या नळीतून टाकीत बारीक धार पडताना दिसते का ते बघा. ही तपासणी गाडी थंड असताना सुरू करायची, म्हणजे झाकण उघडं ठेवता येतं.

हवा कशी काढायची

गाडीचं नाक वर हवं. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प यासाठी उत्तम, वर तोंड करून लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा विटा लावा. भरायचं तोंड सगळ्यात उंच आलं की फुगे आपोआप तिकडे सरकतात. सपाटीवर भरलेल्या गाडीत हीटरचा कोअर अनेकदा रेडिएटरच्या तोंडाइतकाच किंवा त्याहून उंच राहतो, आणि फुगा तिथेच बसतो.

हीटरचं बटण पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात हळू, एसी बंद. काही गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या कूलंटला व्हॉल्व्ह असतो, बटण थंडवर राहिलं तर तो बंद असतो आणि कोअरमधली हवा कितीही वेळ इंजिन चालवलं तरी हलत नाही. ऑटोमॅटिक एसी असेल तर तापमान सगळ्यात वर न्या.

आता ओतायचं, पण धार बारीक. मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरे. भडाभडा ओतलं तर येणारं कूलंट बाहेर पडणारी हवाच अडवतं. तोंडावर घट्ट बसणारं उंच फनेल मिळालं तर फार सोय होते, कारण त्यात कूलंटचा साठा वर उभा राहतो आणि बुडबुडे नजरेसमोर फुटतात. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा. ओतताना वरचा आणि खालचा होज हाताने दाबत राहा. प्रत्येक दाबाला फनेलमध्ये बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत दाबायचं.

गाडीला ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो आताच सैल करायचा. थर्मोस्टॅटच्या घरावर, हीटरच्या होजवर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात तो असतो. आधी फुसफुस, मग फेस, मग अखंड धार. धार अखंड झाली की बंद. स्क्रू बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, पाना लावून जोर केला तर तुटतो. हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस.

मग इंजिन चालू. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. थर्मोस्टॅट उघडला की फनेलमधली पातळी एकदम खाली जाते आणि खालचा होज गरम व्हायला लागतो. हाच क्षण पकडायचा आहे. हातात भरलेला मग तयार ठेवा आणि पातळी तोंडाच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर मघाशी काढलेली हवा पुन्हा आत. त्यानंतर इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर पाचदहा सेकंद धरा आणि सोडा, असं काही वेळा करा. पंपाच्या जोराने कोअरमधला फुगा सुटून येतो. फनेलमध्ये कूलंट उसळून आलं तर पाय काढा, ते परत खाली बसतं. पंखा दोनदा लागून बंद झाला, हीटर कडक गरम हवा देतोय आणि बुडबुडे थांबलेत, एवढं झालं की इंजिन बंद. थंड झाल्यावर फनेल काढा, रेडिएटर मानेपर्यंत आणि बाटली फुलच्या रेघेपर्यंत भरा, झाकण लावा. काही गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये झाकण लावूनच इंजिन चालवायला सांगितलेलं असतं. तसं असेल तर मॅन्युअलचं ऐका.

दुसऱ्या दिवशी थोडी पातळी उतरलेली असणं हे बरोबर आहे. तिसऱ्या-चौथ्या सकाळीही उतरत असेल तर हा विषय हवेचा नाही.

इलेक्ट्रिक पंप असलेल्या हायब्रिड आणि काही टर्बो गाड्यांत या पद्धतीने पूर्ण हवा निघत नाही. तिथे स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो, नाहीतर व्हॅक्यूम फिलर वापरावा लागतो. हे यंत्र कंप्रेसरच्या हवेवर चालतं. ते सगळी सिस्टिम आधी रिकामी खेचतं, मीटरचा काटा काही मिनिटं जागेवर राहिला तर गळती नाही हेही कळतं, आणि मग व्हॅक्यूमनेच कूलंट आत ओढलं जातं. गॅरेजकडे हे यंत्र असेल तर त्याचे थोडे जास्त पैसे देणं परवडतं.

सीएनजीची गाडी असेल तर

पुण्यात बऱ्याच तक्रारींचं मूळ असूनही कोणी बघतच नाही अशी ही जागा आहे. सिलिंडरमधला गॅस रिड्यूसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात) एकदम फुगतो तेव्हा तो भाग प्रचंड थंड पडतो, म्हणून हीटरच्या लाइनमधून कूलंट तिथे फिरवलेलं असतं. म्हणजे हवा अडकायला आणखी एक घर आणि चार जास्तीचे जोड. रिड्यूसर रेडिएटरच्या तोंडापेक्षा उंच बसवला असेल तर फुगा तिथेच राहणार. इंजिन गरम झाल्यावर रिड्यूसरच्या दोन्ही होजना हात लावा. दोन्ही गरम हवेत. थंड असतील, रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरत असेल, गाडी सीएनजीवर धक्के देत असेल, तर हवा तिथे आहे. भरताना ते होजही दाबायचे आणि हवा निघेपर्यंत गाडी पेट्रोलवर ठेवायची. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये टी-जोडांचे क्लॅम्प तपासा, थंड असताना हवा ओढणारी गळती तिथेच सापडते.

काय ओतलं आणि किती

खालचा प्लग उघडून सगळं कूलंट निघत नाही. ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य भागात) आणि हीटरमध्ये बरंच राहतं. समजा गाडीत एकूण ५ लिटर मावतं, फ्लश करताना (आतून धुताना) साधं पाणी फिरवलं आणि ३ लिटर निघालं. आत २ लिटर पाणी आहे. वरून ३ लिटर तयार, अर्धं-अर्धं कूलंट ओतलं तर ५ लिटरांत ग्लायकॉलचा (कूलंटमधल्या मूळ रसायनाचा) भाग दीड लिटर, म्हणजे ३० टक्केच. इथे बरोबर हिशेब असा: अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. निघालेलं कूलंट मापून घ्या म्हणतात ते यासाठी. शिवाय ३ लिटर निघालं आणि २ लिटरच परत गेलं, तर उरलेला एक लिटर म्हणजे आतली हवा.

मिश्रण पातळ झालं म्हणून पुण्याच्या हवेत गाडी लगेच तापत नाही, तोटा होतो तो गंजरोधकाचा. उलटी चूक जास्त घातक आहे. कॉन्सन्ट्रेटचा डबा तयार कूलंट समजून जसाच्या तसा ओतला जातो. ग्लायकॉल पाण्यापेक्षा घट्ट असतं आणि तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता वाहून नेतं. ७० टक्क्यांच्या वर गेलं की चढावर गाडी तापणारच. डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचा, आणि शंका असेल तर रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) एक थेंब तपासून घ्या.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं, लाल, निळं याला कुठलंच ठरलेलं मानक नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार बघा. वेगवेगळी रसायनं एकत्र आली तर काही वेळा जेलीसारखा गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं तर त्यातल्या क्षारांचा थर आत चढतो. पाच लिटर डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बॅटरीच्या कोणत्याही दुकानात मिळतो, तो आणा.

निघालेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, बाकीचं कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

झाकण

स्वस्त, लहान आणि सतत दुर्लक्षित. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, उघड्या भांड्यात पाणी इथे ९८ अंशांनाच उकळतं, महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच अंश आधी. १.१ बारचं झाकण धड असेल तर हेच पाणी साधारण १२० पर्यंत तग धरतं आणि अर्धं-अर्धं कूलंट त्याहून सात-आठ अंश वर. झाकणाचं रबर चिरलं, की इंजिन नेहमीच्याच तापमानाला असताना कूलंट उकळून बाटलीत येतं. झाकणात मधोमध आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं कूलंट परत ओढू देतो. तो चिकटला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. नवं झाकण घेताना जुन्यावरचाच आकडा हवा, मग तो ०.९ किंवा १.१ असेल, नाहीतर किलोपास्कलमध्ये ८८ किंवा १०८. जास्त आकड्याचं झाकण म्हणजे जास्त सुरक्षा, असं नाही. जुने होज आणि हीटरचा कोअर तो जास्तीचा दाब सोसत नाहीत.

तरीही तापते

कधी तापते ते आता महत्त्वाचं. हिंजवडीच्या किंवा विद्यापीठ चौकाच्या रांगेत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर उतरते, तर हवा खेळत नाही: पंखा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर कनेक्टर, फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमाने. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ आणि किडे किती आहेत तेही बघा आणि मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवा.

सपाटीला ठीक आणि कात्रज किंवा दिवे घाटात तापते, तर कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबलाय. फ्लशच्या रसायनाने सुटलेला गाळ रेडिएटरमध्ये जाऊन बसतो, हे कूलंट बदलल्यानंतरच घडतं. इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवरून फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडे हळूहळू उतरायला हवं. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

थर्मोस्टॅट काढला तर भांड्यात पाणी, थर्मामीटर आणि दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, एवढ्यात तपासता येतो. ८२ किंवा ८८, जो आकडा कोरलाय त्याच्या आसपास तो उघडायला सुरुवात झाली पाहिजे. ८८ चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडायला शंभराच्या आसपास तापमान मागतो आणि आपल्याकडे पाणी ९८ लाच उकळतं, म्हणून भांड्यात पूर्ण उघडला नाही तरी तो बाद समजू नका. बसवताना त्याच्या पट्टीवरची हलणारी छोटी पिन वर, बारा वाजताच्या जागी हवी, हवा तिथूनच सुटते.

आणि थर्मोस्टॅट काढूनच टाकू, हा सल्ला कोणी दिला तर ठाम नाही म्हणा. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो नसला की कूलंट रेडिएटर टाळून आतल्या आत फिरतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. सपाटीला इंजिन कायम थंड राहतं आणि इंधन जास्त जातं ते वेगळंच.

रस्त्यातच काटा चढू लागला तर एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. पण हीटर थंड हवा देत असेल तर कूलंट फिरत नाहीये, पुढे रेटू नका. लाल दिवा किंवा वाफ दिसली की इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

एकदा तशी तापून गेलेली गाडी असेल तर हेड गॅस्केटची खात्री करूनच थांबा. सकाळी थंड इंजिन चालू करून दोन-तीन मिनिटांत होज दगडासारखा कडक होतो का? फनेलमध्ये हवा काढून झाल्यावरही बुडबुडे एका लयीत येतच राहतात का? ब्लॉक टेस्टचा निळा द्रव रेडिएटरच्या तोंडावर धरला की जळलेल्या वायूने रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवट. रंग बदलला तर हवा काढण्याचा खटाटोप थांबवा. हेड उतरवल्यावर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) हेडचा बाक मोजून घ्या, बऱ्याच लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या वर गेलं की प्लेन करावं लागतं. ताणून बसणारे बोल्ट असतील तर ते नवेच वापरायचे.